पिवळ्या पाण्याचा देवदूत

शिया नावाच्या तेलबियांच्या झाडाखाली त्या रविवारी तीनशे माणसं जमली होती. निम्म्यांच्या कडेवर तापाने फणफणलेली पोरं. मधोमध पांढऱ्या झग्यात प्रॉफेट ओचाया. गेल्या वर्षापर्यंत तो गुलू शहरात मोबाइल दुरुस्त करायचा. देवदूताला बहुधा तिथे रेंज मिळत नव्हती.

"दवाखान्याचं विष आधी माझ्या मडक्यात टाका!" तो गरजला. "गोळीवरही विश्वास आणि देवदूतावरही? देवदूत रुसतो!"

गोळ्या प्रत्येकीकडे होत्याच. दवाखान्यातून मलेरियाच्या तीन दिवसांच्या सहा मात्रा फुकट मिळायच्या. दुसऱ्या दिवशी पोर हसलं-खेळलं की उरलेल्या गोळ्या गवताच्या छपरात खोचायच्या, पुढच्या तापाला किंवा धाकट्याला. गावात सगळ्या शहाण्या आया असंच करत. अदियेरोनेही चार वर्षांच्या लाकेरच्या उरलेल्या गोळ्या मडक्यात टाकल्या.

गोळ्यांचं मडकं आणि साध्या पाण्याची घागर घेऊन ओचाया झोपडीत गेला आणि अर्ध्या तासाने घागर घेऊन बाहेर आला. आतलं पाणी पिवळं झालं होतं.

"देवदूताने पंख बुडवले!"

लाकेरला तीन घोट मिळाले. तोंड वाकडं करत तिने ते गिळले आणि दुसऱ्या सकाळी ताप उतरला. अदियेरो गुडघे टेकून रडली.

दहाव्या दिवशी ताप परतला. दवाखान्यातून नव्या गोळ्या आणल्या, निम्म्या मडक्यात, निम्म्या छपरात; पुन्हा तीन घोट, पुन्हा उतरला.

पुढच्या शनिवारी दवाखान्यातली सिस्टर अनेनो दारात आली. "अदियेरो, छपरातल्या गोळ्या दे."

"त्या उद्या देवदूताला द्यायच्यात, सिस्टर."

"का? त्याला मलेरिया झालाय?"

अदियेरोने गोळ्या काढून दिल्या. अनेनो अख्ख्या गावात अशीच फिरली. रविवारी उजाडताच लाकेरचं अंग पुन्हा तापलं.

झाडाखाली मडकं रिकामंच राहिलं.

"रिकाम्या हातांनी आलात?" ओचायाचा आवाज चिरकला.

"गावातलं विषच संपलं," म्हातारी लाबोल म्हणाली. "देवदूत खूश असेल ना आता?"

तो झोपडीत गेला तो तासभर आलाच नाही. आला तेव्हा घागरीतलं पाणी स्वच्छ होतं. "आज देवदूत अदृश्य रूपात आलाय!"

लाबोलने घोट घेतला. "अदृश्य कसला, गैरहजर आहे मेला!"

हशा पिकला. गर्दीतून पुढे आलेल्या अनेनोने पिशवीतल्या, घरोघरून जमवलेल्या दोन गोळ्या दगडाने ठेचल्या, वाळक्या भोपळ्याच्या वाडग्यात पाणी घालून ढवळल्या. पाणी पिवळं झालं. अदियेरोने बोट बुडवून चाटलं. कडू चव ओळखीची होती.

"अगं बाई, या तर आमच्याच गोळ्या! आमच्याच पोरांना आम्हीच..."

तेवढ्यात ओचाया कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून धुरळ्यात दिसेनासा झाला. लोक टाळ्या पिटत होते. अनेनो मात्र लाकेरच्या कपाळावर हात ठेवून उभी होती.

"कशाला हसता? त्याच्या पाण्यात औषध होतं, पण अर्धंमुर्धं. तेवढ्याने रक्तातले दुबळे जंतू मरतात आणि ताप उतरतो. चिवट उरतात, आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. छपरात गोळ्या खोचून तुम्हीही घरोघरी तेच करत होतात. त्याने फक्त झगा घातला होता."

या वेळी लाकेरने अनेनोच्या डोळ्यांदेखत सहाच्या सहा मात्रा घेतल्या. चौथ्या दिवशी सकाळी अनेनोने तिचं रक्त काचेवर घेऊन तपासलं. बराच वेळ ती सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेना.

"गेले ना जंतू?" अदियेरोने विचारलं.

"नाही. पूर्वी एव्हाना काच साफ दिसायची. ही जात गोळीला सरावलीय. अजून एक वेगळं औषध आहे, जिल्ह्याच्या इस्पितळात. ऊठ."

"आणि तेही चाललं नाही तर?"

अनेनो गाडी बोलवायला निघाली होती.

इस्पितळात एका खाटेवर तीन-तीन पोरं होती. त्यांतल्या कित्येकांनी ओचायाचं नावही ऐकलं नव्हतं. चिवट जंतू डासाबरोबर कुठेही जातो. लाकेरच्या हातात सुई खुपसलेली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. शेजारच्या बाईचं पोर उठून बसलं, खुदकन हसलं. बाईने समाधानाने उरलेल्या गोळ्या कागदात गुंडाळायला घेतल्या.

अदियेरोने तिचं मनगट धरलं.

"बाई, पोर हसलं म्हणून जंतू मेला नाही. तुझ्या पाया पडते, सगळ्या दे त्याला."