रोसाउराची थापी

मित्रांनो, मला पाहिलेत तर मी थापी आहे हे चटकन तुमच्या लक्षात येणार नाही. गवंड्याच्या थापीचे पाते चांगले वीतभर असते. माझे आता जेमतेम चार बोटे उरले आहे. बाकीचे सगळे वाळवंटाच्या मातीत झिजून गेले.

जन्माने मी विटा लावणारीच. कालेक्सिको गावातल्या एवारिस्तो नावाच्या गवंड्याने मला विकत घेतले आणि वर्षभर माझ्याकडून चुना-सिमेंटचे काम करून घेतले. मग त्याच्या मुलीला, रोसाउराला, डोंगरापलीकडच्या वाळवंटी उद्यानात उत्खननाचे काम मिळाले. जमिनीखाली जुन्या माणसांच्या काय खाणाखुणा आहेत ते शोधायचे, लिहून ठेवायचे आणि जपायचे, असे ते काम होते. एवारिस्तोने त्या दिवशी मला सहाणेवर घासले आणि माझ्या दोन्ही कडांना धार लावली.

"मी तीस वर्षं भिंती उभ्या केल्या," तो म्हणाला, "आणि माझ्या पोटी ही उकरणारी जन्माला आली. काय शोधणार आहेस तिथं?"

"चुली, बाबा. जुन्या चुली."

"चूल आपल्या घरातही आहे. तिकडं कधी फिरकली नाहीस ती!"

रोसाउरा हसली आणि मला पँटच्या मागच्या खिशात खोचून निघाली. पुढची आठ वर्षे माझी जागा तीच होती.

वाळवंटातले काम हिवाळ्यात चालते. सकाळी माती इतकी थंड असते की माझे पाते तिला चिकटायचे. दुपारी मी अशी तापायचे की रोसाउरा मला सावलीत ठेवल्याशिवाय जेवायला बसत नसे. ती मीटरभर लांबीरुंदीचा चौकोन आखायची, गुडघे टेकायची आणि मला आडवी धरून मातीचा पातळसा थर ओढून घ्यायची. मला बळ लावून खुपसणे तिला ठाऊकच नव्हते. दगडाला लागले की मी किरकिरत असे. खापराला लागले की हलकेच टक् असा आवाज होई, आणि त्या आवाजासरशी तिचे मनगट जागच्या जागी थांबे. माझे टोक नखाएवढ्या खापरावर टेकलेले आणि तिचा श्वास रोखलेला, असे आमचे कितीतरी क्षण गेले. त्या मनगटाइतके मला कोणीच ओळखले नाही.

आमच्याबरोबर लुसिल ओसुना असायची. या वाळवंटातल्या दऱ्या मुळात तिच्या आदिवासी लोकांच्या. त्यांना पूर्वी इथून उठवून डोंगराखालच्या राखीव वस्तीत नेऊन बसवले होते. कुठेही खोदकाम निघाले की वस्तीतले एक माणूस लक्ष ठेवायला यायचे, आणि ते काम सत्तरीच्या लुसिलने स्वतःकडे घेतले होते. पहिल्याच दिवशी ती चौकोनाच्या काठाशी उभी राहिली आणि बराच वेळ रोसाउराकडे बघत राहिली.

"काय गं पोरी, इतकं हळू?" ती शेवटी म्हणाली. "एवढ्या वेळात माझ्या आजीनं अख्खा घायपात भाजून, खाऊन, वर एक डुलकी काढली असती."

"तुमच्या आजीला नंतर अहवाल लिहायचा नव्हता, मावशी."

"ते मात्र खरं. तिचं नशीब थोर!"

त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. रोसाउरा घेवडा भरलेली पोळी आणायची, लुसिल शावी आणायची. शावी म्हणजे ओकच्या बियांची थिजवलेली लापशी. रोसाउराला ती पहिल्यांदा मुळीच आवडली नाही, आणि तोंड वाकडे केल्याबद्दल लुसिलने तिला वर्षभर टोमणे मारले. मी भट्ट्यांची काळी, तेलकट माती उकरायचे. घायपाताचे गड्डे दोन-दोन दिवस जिथे भाजत ठेवत, तिथली माती शेकडो वर्षांनंतरही काळीच राहते. लुसिल ती चिमटीत घेऊन हुंगायची आणि मग तिच्या आजीविषयी बोलायची.

"माझी आजी इथल्या प्रत्येक झऱ्याचं नाव घेऊ शकायची. तिकडं खाली वस्तीत गेल्यावर पाणी भरताना ती नावं पुटपुटायची. मी विचारायची, आजी, कुणाला हाका मारतेस? तर म्हणायची, पाण्याला. इतक्या लांबून ऐकू जातं का ते बघते."

लुसिलला त्यांतली चारच नावे आठवत होती. ती चार नावे ती रोज एकदा तरी मोठ्याने घ्यायची.

आठव्या हिवाळ्यात ती गोष्ट घडली. उद्यानाच्या एका दूरच्या दरीत आम्ही पायी पाहणी करत होतो. एका मोठ्या खडकाखाली कपार होती. रानउंदरांनी तिच्यात काड्या आणि निवडुंगाचे काटे कोंबून ठेवले होते. रोसाउरा पोटावर आडवी झाली आणि माझ्या टोकाने ती घाण अलगद बाहेर ओढू लागली. एकाएकी माझा आवाज झाला. पण हा खापराचा टक् नव्हता. काठोकाठ भरलेले भांडे वाजावे तसा तो खोल होता. रोसाउराने मला ताबडतोब बाजूला ठेवले आणि हात आत घातला.

"मावशी," ती म्हणाली. "मावशी, अख्खा आहे."

तो तांबूस मातीचा रांजण होता. कुठे तडा नाही, टवका नाही. तोंडावर चपटा दगड ठेवून कडेने चिकणमाती लिंपलेली होती. एका बाजूची माती गळून पडली होती. तिथल्या फटीतून रोसाउराने विजेरीच्या उजेडात पाहिले. आत बाभळीच्या असतात तशा लांब शेंगा काठोकाठ भरल्या होत्या. लुसिलच्या लोकांचे ते उन्हाळ्याचे धान्य.

लुसिल गुडघे धरत कशीबशी खाली बसली. तिने रांजणाला हात लावला नाही.

"परत येणार होती ती," ती म्हणाली.

"कोण?"

"जिनं ठेवला ती. माझ्या आजीचाच असेल असं मी म्हणत नाही. कुणाच्या तरी आजीचा आहे. इतकं नीट लिंपून कोण ठेवतं? जिला परत यायचं असतं तीच."

मी वाळूत पडले होते. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या लिंपलेल्या मातीवर उमटलेली बोटे मी पाहिली, आणि मला त्या बोटांविषयी फार माया वाटली.

"याला इथंच राहू दे," लुसिल म्हणाली.

"आणि उद्या कुणी चोरून नेला तर? असे रांजण विकणारे किती जण फिरतात, तुम्हाला माहीत आहे."

"नेला तर तो चोर. आज आपण नेला तर आपण कोण?"

रोसाउराने रांजण मोजला, त्याचे चित्र काढले आणि काड्या होत्या तशा परत लावल्या. अहवालात तिने लिहिले: पाहिला, मोजला, जागेवर ठेवला. दरीचे नाव मात्र तिने लिहिले नाही. ते एका कागदावर लिहून तिने वस्तीच्या पंचांकडे दिले.

तिचे वरिष्ठ वॉल्टर प्रेंटिस दुष्ट नव्हते. उद्यानात येणाऱ्या लोकांसाठी त्यांनी नवे दालन उभारले होते, आणि त्यातले मधले काचेचे कपाट अजून रिकामे होते. त्याच वसंतात रोसाउराची नेमणूक कायमची व्हायची होती. त्यांनी तिला बोलावून घेतले. मी तिच्या खिशात होते.

"अख्खा रांजण, भरलेला!" ते म्हणाले. "अगं, असा माझ्या उभ्या नोकरीत कधी मिळाला नाही. शाळेची मुलं येतील, बघतील. तिथं कपारीत कोण बघणार आहे?"

"जिनं ठेवला, तिनं तो दिसू नये म्हणूनच ठेवला होता, साहेब."

"ती आता नाही."

"तिची माणसं आहेत. त्यांनी नको म्हटलंय."

प्रेंटिसनी अहवाल तिच्यापुढे सरकवला. "एवढी एक ओळ भर. जागा लिही. मग कायमच्या नेमणुकीच्या कागदावर मी आत्ता सही करतो."

रोसाउराने पेन उचललेच नाही. तिचा हात मागे आला आणि माझ्या मुठीवर घट्ट मिटला.

"माफ करा," ती म्हणाली.

त्या वसंतात तिची मुदत संपली, आणि ती कोणी वाढवली नाही.

निरोप घ्यायला ती लुसिलच्या घरी गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने मला ठेवले.

"ही तुमच्याकडे असू दे."

"वेडी आहेस का? आठ वर्षं वापरलीस. दुसरीकडं काय हातानं उकरणार?"

"दुसरीकडं दुसरी घेईन. ही हातात आली, की मला इथलीच माती दिसणार."

लुसिल नेहमी काहीतरी टोमणा मारायची. त्या दिवशी तिने नुसती शावीची वाटी पुढे केली. रोसाउराने ती शेवटपर्यंत खाल्ली.

त्यानंतर माझे दिवस फार एकटे गेले. लुसिल माझ्या पात्याने चुलीतली राख काढायची, मिरचीची रोपे लावायची. ती मला धुऊन पुसून ठेवायची, त्यात कधी कसूर झाली नाही. पण तिची पकड निराळी होती. मी प्रत्येक वेळी त्या रोखलेल्या श्वासाची वाट बघायचे. पुढे लुसिल थकली आणि मी परसातल्या खोलीत, एका डब्यात पडले. अंगावर गंज चढला. मुठीला भेग गेली. बाहेर वारा सुटला की वाळू पत्र्यावर आपटायची, आणि ती माती कोणत्या दरीतली असेल याचा मी विचार करत राहायचे. अशी अठरा वर्षे गेली.

मग एके दिवशी डबा उघडला. ती नोरीन होती, लुसिलच्या भावाची मुलगी. लुसिल त्या हिवाळ्यात वारली होती. प्रेंटिस कधीच निवृत्त झाले होते, आणि उद्यानाच्या उत्खननाचे काम आता नोरीन बघत होती. तिच्या लोकांपैकी ते काम करणारी ती पहिलीच. तिने मला तेल लावले, गंज घासून काढला, मुठीवर नवी पट्टी गुंडाळली. आणि एका सकाळी ती मला घेऊन भट्टीच्या चौकोनाशी आली.

तिथे नोरीनने बोलावून घेतलेली पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. मी तिला चेहऱ्यावरून ओळखले नाही. "अगं बाई, ही अजून आहे?" असे ती म्हणाली, तेव्हा ओळखले.

"आत्या सांगायची, हिचा जीव तुमच्यात आहे म्हणून," नोरीन म्हणाली. "आणि तो रांजण..."

"जागेचं नाव मोठ्यानं घेऊ नकोस," रोसाउरा घाईने म्हणाली. "आहे की नाही, एवढंच सांग."

"आहे. मागच्या महिन्यातच बघून आले."

रोसाउराने डोळे पुसले आणि हात पुढे केला. नोरीनने मला तिच्या तळव्यावर ठेवले. मित्रांनो, याच क्षणासाठी मी अठरा वर्षे काढली होती. पण तिची बोटे मिटेनात. संधिवाताने तिचे सांधे सुजले होते. तिने एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मी तिच्या हातातून निसटून वाळूत पडले.

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि थोडेसे हसली. "उचल गं. कड नेहमी आडवी धर. आणि टक् वाजलं की थांब. ती सांगते, आपण ऐकायचं."

मित्रांनो, माळावर, नदीकाठी, किल्ल्याच्या पायथ्याशी तुम्हालाही कधी एखादे जुने खापर दिसेल. खाली बसा, डोळे भरून बघा आणि ते तिथेच असू द्या. त्याला तिथे ठेवणारे माणूस ओळखीचे नसले, तरी त्याच्या परत येण्याच्या आशेचा मान राखा.

त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत काम केले. नोरीनने मला आडवी धरली होती. तिची पकड चांगली आहे, आणखी चांगली होईल. माझ्यापासून वीतभर अंतरावर रोसाउरा गुडघ्यांवर बसली होती आणि सुजलेल्या तळहाताने माती हळूहळू सपाट करत होती.