चार लाखांची निराधार

तीन महिने झाले, शालूबाईचा पगार आला नव्हता. पगार म्हणजे निराधार योजनेचे दरमहा दीड हजार रुपये. गावात त्याला अनुदान असे कुणी म्हणत नाही. राबून जे मिळते त्याला ‘रोज’ म्हणतात आणि न राबता सरकारकडून येते त्याला पगार. पहिल्या महिन्यात तिने मनावर घेतले नाही, कारण सरकारचा पैसा मागेपुढे होतोच. दुसऱ्या महिन्यात बँकेतल्या बाईने पासबुक यंत्रात घातले आणि ते जसेच्या तसे कोरे बाहेर आले. तिसऱ्या महिन्यात गावच्या कोतवालाने नोटीस आणून दिली.

नोटीस त्यानेच ओट्यावर बसून वाचली. लाभार्थीने आयकर विवरणपत्र भरल्याचे आढळून आले असून त्यात वार्षिक उत्पन्न चार लाख बारा हजार तीनशे रुपये दिसते. सबब लाभ स्थगित करण्यात आला आहे. पंचवीस तारखेला तालुक्याच्या कचेरीत सुनावणीस कागदपत्रांसह हजर राहावे.

कोतवालाने कागद खाली केला. “आक्का, चार लाख? आन आमाला एक चहा बी पाजंना तुमी?”

शालूबाईला हसू आले नाही. तिला वाटले, गावात तिच्या नावाची दुसरी एखादी बाई असावी आणि तिचे बरे चालले असावे.

दुसऱ्या दिवशी तिने रोज बुडवला आणि सांगलीची एस. टी. धरली. विश्रामबागेत गोपाळकृष्ण मोडक राहत. ते इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर मुख्य होते आणि शालूबाईचा नवरा आकाराम बावीस हंगाम त्यांच्या हाताखाली ठेक्यावर फिटरचा मदतनीस होता. आकाराम गेला तेव्हा ठेकेदाराने पाच हजार रुपये आणि एक शाल पाठवली होती. निराधारचा अर्ज मात्र मोडकांनी स्वतः लिहून दिला होता. निवृत्तीनंतर ते शेजारपाजारच्या पेन्शनरांची विवरणपत्रे भरून देत आणि एका रुपयाचा फरक लागला तरी जेवायला उठत नसत.

त्यांनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि संगणक उघडला. शालूबाईने सांगितले तसे कार्डाचा नंबर, जन्मतारीख, फोनवर आलेले आकडे एकेक घातले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “शालूबाई, गेल्या वर्षी तुमच्या खात्यावर चार हजार एकशे वीस रुपये आले होते?”

“आलं हुतं की. तासगावातला कॉम्प्युटरवाला म्हनला, मावशी, तुमचं सरकारकडं पैसं पडून हायती, काढून देतो. पाचशे त्यानं घेतलं.”

“आणि बाकीचे?”

“वाटलं.”

“कुणाला?”

“टोळीला. नऊजणी हाय आमी. चारचारशे आलं. वीस ऱ्हायलं, त्याच्या लिमलेटच्या गोळ्या आनल्या.”

आतून चहा घेऊन आलेल्या मोडकांच्या पत्नी शरयूताई दारातच थांबल्या. मोडकांनी टेबलावर दोन्ही हात सपाट ठेवले, जसे ते पूर्वी बॉयलरची गळती सापडल्यावर ठेवत.

मग सगळे उलगडत गेले. तासगावजवळ एका व्यापाऱ्याकडे बेदाणा निवडायला नऊ बायकांची टोळी जाते. टेबलावर बेदाणा ओततात आणि बायका काडी, खडा, काळा दाणा वेचून काढतात. शनिवारी मुनीम लालासाहेब सगळ्या टोळीची मजुरी रोखीने एकट्या शालूबाईच्या हातात ठेवतो. ती वयाने मोठी, म्हणून तिच्या हातात. एरवी तिचा रोजही साडेतीनशेच आणि वाटणीत तिला एक पैसा जास्त नाही. लालासाहेबाने एकदा विचारले होते, पॅन कार्ड कुणाकडे आहे. आकारामच्या विम्यापायी काढलेले तिच्याकडे होते. वर फोटो आहे, म्हणजे ओळखीचे कार्ड असावे, असे समजून तिने ते दिले. तेव्हापासून नऊजणींची मजुरी कागदावर एकट्या शालूबाईची झाली. व्यापाऱ्याने नियमाप्रमाणे त्यातून एक टक्का कर कापून तिच्या नावे भरला आणि तो पैसा म्हणे ‘पडून’ राहिला. तो परत मागायचा तर विवरणपत्र भरावे लागते. ते भरताना कॉम्प्युटरवाल्याने जी रक्कम समोर दिसली ती सगळी तिचे उत्पन्न म्हणून ठोकून दिली.

“म्हंजे कर भरायचा व्हय मला?”

“नाही. एवढ्यावर कर बसत नाही. कर एक रुपयाही नाही. पण हे चार लाख माझे, असं तुम्ही सरकारला लिहून दिलंत. सरकारच्या दोन याद्या कुणीतरी शेजारी ठेवल्या आणि तुमचं नाव दोन्हींत निघालं.”

“मग खोडा की, सायेब.”

“दुरुस्तीची मुदत डिसेंबरातच संपली. आता आकडा फक्त वाढवता येतो, कमी नाही करता येत. कचेरीतच सिद्ध करावं लागेल, की पैसे टोळीचे होते. त्याला पुरावा लागतो.”

पुरावा शालूबाईने आणलाच होता. नोटिशीत कागदपत्रे म्हटले होते, म्हणून घरी जपलेली त्या वर्षाची, एप्रिल ते मार्चची, दिनदर्शिकेची बारा पाने तिने पिशवीतून काढली. शेडच्या खांबाला ही दिनदर्शिका टांगलेली असते आणि कामावर आलेली बाई त्या तारखेच्या चौकोनात आपल्या हाताने आपली खूण करते. बनुबाईचे वेटोळे, चंद्राबाईचे तुळशीचे पान, कुणाचा त्रिशूळ, कुणाचे तीन ठिपके. शालूबाईची फुली. कुणाची खूण दुसरीने करायची नाही, अगदी सांगून गेली तरी नाही. त्यामुळे अकरा वर्षांत हजेरीवरून कधी भांडण झाले नव्हते.

मोडकांनी पट्टी घेतली, कोऱ्या कागदावर नऊ रकाने आखले आणि एकेक चौकोन मोजू लागले. शरयूताई म्हणाल्या, “अहो, ती बिचारी उपाशीपोटी निघालीय. तुमचं प्रेशर मोजून होईस्तोवर मी पोहे टाकते.”

पोहे झाले, गार झाले. तासाभराने त्यांनी बेरीज केली. अकराशे अठ्ठ्याहत्तर रोज, गुणिले साडेतीनशे. चार लाख बारा हजार तीनशे. फरक शून्य. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आले. ते पाहून शालूबाईने मोठा श्वास सोडला आणि पोह्यांची बशी जवळ घेतली.

“सुटलं म्हना की.”

मोडकांची पेन्सिल फुलीच्या रकान्याखाली थांबली होती.

“तुमचे एकटीचे एकशे चौसष्ट रोज झाले. म्हणजे सत्तावन्न हजार चारशे.”

“व्हय. गुडघ्यापायी मधी लय खाडं झालं.”

“निराधारला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजार आहे. साठ रोज. महिन्याला पाच.”

शालूबाईने घास तोंडात तसाच धरला. “पाच दिसांत कोन खातं, सायेब?”

“अर्जात तुमचं उत्पन्न अठरा हजार मीच लिहिलं होतं. कचेरीबाहेरचा एजंट म्हणाला, असंच लिहितात. मी तुम्हाला विचारलं नाही. आयुष्यभर मोजल्याशिवाय आकडा मांडला नाही आणि तो एक मांडला.”

शालूबाईने रकान्यांवर बोट ठेवले. “हे पान, हे वेटोळं, हा तिरसूळ आन हे ठिपकं... ह्या चौघींचा बी पगार चालू हाय. कुनाचं दीडशे रोज, कुनाचं एकशे चाळीस. ही पानं दावली तर?”

“खुणा कुणाच्या, ते विचारतील. नावं द्यावी लागतील.”

“आन न्हाई दावली तर?”

“तर चार लाख तुमचेच.”

दोन्ही वाटांच्या शेवटी तिचा पगार बंदच होता. हे तिला परतीच्या एस. टी. त, कवलापूर मागे पडल्यावर नीट कळले. ती एकसष्ट वर्षांची होती. चार वर्षे अजून बसायचे, पासष्टीला टोळी सोडायची आणि दीड हजारांत मीठमिरची भागवून पडून राहायचे, असा तिचा बेत होता. साताऱ्याला दिलेली लेक संयोगिता म्हणे, ये माझ्याकडे. पण लेकीच्या घरात जाताना पदरात आपले काहीतरी असावे, असे शालूबाईला वाटे. दीड हजार म्हणजे ते काहीतरी होते.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी तिने सगळे सांगितले. कुणी हात थांबवले नाहीत. बेदाणा निवडताना नजर वर केली की काडी निसटते. चंद्राबाईने मात्र दोनदा नाक ओढले.

“त्या गोळ्या मीच आनाया लावल्या,” बनुबाई म्हणाली. “चार हजारात उगं आमास्नी वाटेकरी केलंस. एकलीनं खायाचं हुतंस.”

“एकलीनं खाल्लं असतं तरी नोटीस आलीच असती गं.”

“मग आता?” चंद्राबाई म्हणाली. तिचा मुलगा अंथरुणाला खिळलेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. “आमची नावं सांगू नगं, असं आमी तरी कुठल्या तोंडानं म्हनावं?”

“मग म्हनू नगासा,” शालूबाई म्हणाली.

पंचवीस तारखेला मोडक सांगलीहून पहिल्या गाडीने आले. त्यांनी दोन अर्ज टंकून आणले होते, एक नावांसह आणि एक नावांशिवाय, दोन्ही तीन प्रतींत. कचेरीच्या व्हरांड्यात ते तिच्या शेजारी बाकावर बसले.

“कुठला द्यायचा, तुम्ही सांगा,” ते म्हणाले. “नावांशिवायचा दिलात तर बहुधा उपयोग होणार नाही. पण खोटा ठरणार नाही.”

साडेबाराला पुकारा झाला. नायब तहसीलदार तरुण बाई होत्या. समोर फायलींची चळत होती आणि डोळ्यांखाली काळे झाले होते. त्यांचा आवाज मात्र मऊ होता.

“आजी, विवरणपत्र तुम्हीच भरलंय ना? हे चार लाख कशाचे?”

“बेदान्याच्या मजुरीचं.”

“एका बाईला एवढी मजुरी? की तुम्ही माणसं पुरवता? बरोबर कोण कोण असतं?”

पानांची पिशवी शालूबाईच्या मांडीवर होती. तिने पिशवीचे दोन्ही बंद हाताला गुंडाळले. अर्ज मोडकांच्या हातातच राहिले.

“माझंच हायती.”

“सगळे?”

“व्हय, सगळं.”

मागे उभ्या असलेल्या लोकांत हसण्याची खसखस पिकली. एक जण पुरेशा मोठ्याने म्हणाला, “चार लाखांची निराधार! आमाला घे की गं तुज्या घरी कामाला.” शालूबाईने वळून पाहिले नाही. तिला फक्त मोडकांचा श्वास ऐकू आला. ज्या माणसाने अकराशे अठ्ठ्याहत्तर खुणा पट्टी धरून मोजल्या होत्या, तो खोटा आकडा कागदावर उतरताना पाहत होता. ते अर्धवट उठले. तिने मान हलवली. ते पुन्हा बसले.

नायब तहसीलदारांनी तिच्याकडे थोडा अधिक वेळ पाहिले. “आजी, दुसरं काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा. नंतर मला ऐकता येणार नाही.”

“न्हाई, बाई.”

लाभ कायमचा बंद केल्याचे त्यांनी लिहिले. घेतलेल्या रकमेच्या वसुलीचे पत्र निघाले तर ते वेगळे येईल आणि ते हप्त्याने फेडता येते, असेही समजावले. शालूबाईने सही केली. आकाराम गेल्यावर ती सही शिकली होती आणि ती करायला तिला अजून वेळ लागे. मागची माणसे खोळंबली.

बाहेर आल्यावर मोडक म्हणाले, “वसुलीचं पत्र आलं की मला कळवा. पहिली चूक माझी आहे. निम्मं मी भरणार.”

“बघू म्हनं तवा,” ती म्हणाली. तिने हो म्हटले नाही, तसे नाहीही म्हटले नाही. दुपारचा अर्धा रोज अजून सापडण्यासारखा होता, म्हणून ती वाटेत जेवायलाही थांबली नाही.

शनिवारी लालासाहेब वही आणि नोटा घेऊन शेडमध्ये आला. एप्रिलपासून हिशेबाचे नवे वर्ष सुरू झाले होते.

“आवं, औंदा पॅनचा नंबर कुनाचा घालायचा? आक्काचा गेला न्हवं गोत्यात. दुसरीचा द्या.”

चंद्राबाई टेबलावर आणखी खाली वाकली. ज्यांना पगार नव्हता त्यांनीही नंबर पुढे केला नाही. त्यांची रेशनकार्डे होती आणि नावावर लाखांचा आकडा चढला की तीही जाणार होती. कुणीतरी उगाच बेदाण्याचा ढीग अलीकडून पलीकडे सारला.

“मग असं करतो,” लालासाहेब कंटाळून म्हणाला, “एकेकीचं नाव, एकेकीचा आकडा. नऊ पावत्या.”

“नऊ नगं,” शालूबाई म्हणाली. पावतीवर नाव चढले की त्या चौघींचाही पगार जाणार होता. “माझाच घाल.”

“आक्का, परत कापलं जाईल की एक टक्का.”

“कापू दे. ह्या खेपेला मागाया कोन जातंय.”

लालासाहेबाने खांदे उडवले आणि वहीत नंबर उतरवून घेतला. नोटा नेहमीप्रमाणे तिच्या हातात आल्या. तिने त्या नऊ जागी वाटल्या, पदराने कपाळ पुसले आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. सुटायला अजून दीड तास होता. पलीकडून बनुबाईने तिच्यापुढचा अर्धा ढीग आपल्याकडे ओढून घेतला.