सात नंबरची भिंत

“इथं सही करा बाई, आन् खाली तारीख टाका.” लातूरच्या कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क व्यंकटरावांनी सायक्लोस्टाइल केलेला अर्ज टेबलावरून पुढे सरकवला. “अनामत हातोहात मिळंल. पोरीला घेऊन दुपारच्या यष्टीनं जाताल.”

चांगुणा सोनकांबळेंनी कागद उचलला, पेन मात्र घेतलं नाही. जळकोटच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. कुठलाही कागद पुरा वाचल्याशिवाय त्यांचा हात पेनकडे जात नसे. मागे पाच-सहा बाप रांगेत उभे होते. सगळ्यांच्या पोरी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, सगळ्यांच्या हातात वसतिगृहाकडून आलेलं एकाच मजकुराचं पोस्टकार्ड.

“‘घरगुती अडचणीमुळे मी माझ्या पाल्यास स्वखुशीने वसतिगृहातून घेऊन जात आहे.’” त्यांनी मोठ्याने वाचलं. “व्यंकटराव, कुणाच्या घरची अडचण?”

“तसं लिवायची पद्धत असती हो.”

“कार्डावर तुमी लिवलंत पाणी न्हाई मनून वसतिगृह बंद. कागदावर लिवलंत माझ्या घरी अडचण हाय. काय अडचण हाय ते मला तरी सांगा. घरी जाऊन बगते.”

रांगेत कुणीतरी हसलं. व्यंकटरावांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. सकाळपासून तेच तेच बोलून घसा बसला होता एवढंच.

“बाई, पाणी न्हाई मनून लिवलं तर आमी बंद केलं असं होतंय. मग लोक अनामतीसंगं फीबी वापस मागतेत. स्वखुशीनं गेलं की फी वापस नसती. नियम हाय तो.”

“आन् जूनमदी जागा?”

“नवा अर्ज करायचा. जागा उरली तर.”

“आन् एप्रिलची परीक्षा?”

“येऊन जाऊन करतेत की लई पोरी.”

“जळकोटाहून?”

व्यंकटरावांनी टेबलावरचे कागद सारखे केले. रांगेत दुसऱ्या नंबरला उदगीरचे शिवप्पा उभे होते. तिथल्या धान्याच्या मोंढ्यात त्यांचं डाळीचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्यावर उपरणं. त्यांची गौरा आणि चांगुणाबाईंची विशाखा एकाच खोलीत राहत होत्या. शिवप्पा समजुतीने म्हणाले, “ताई, गावात खोली बगा की. लातूर आता जिल्हा झालाय. गल्लोगल्ली खोल्या निघाल्यात.”

“तुमच्या गौराला मिळंल अप्पा. आमाला आधी आडनाव पुसतेत. मग म्हणतेत, खोली कालच गेली.”

शिवप्पांनी उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“आधी पोरीला बगून येते,” म्हणत चांगुणाबाईंनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

“अवो, कागद ठिवा इथं!”

“घेऊन पळत न्हाई. तुमचा घसा बसलाय, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. पाणी असंल तर.”

कॉलेजच्या मैदानापलीकडे वसतिगृहाची दोन मजली इमारत होती. मैदानातली कडुलिंबाची झाडं सोडली तर हिरवं काही उरलं नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. जानेवारीतच जमिनीला मे महिन्यासारख्या भेगा होत्या.

चांगुणाबाईंच्या डोक्यात ते दोन शब्द खुपत होते. घरगुती अडचण. नांदेडला नर्सिंगचं शिकून झाल्यावर त्यांची पहिली नेमणूक नायगावला झाली होती. दवाखान्याला क्वार्टर नव्हतं. भाड्याच्या घरी राहायच्या. तिथल्या आडावर त्यांनी पोहरा सोडला म्हणून गल्लीत कुरबूर झाली. डॉक्टर चांगले होते, मऊ आवाजात म्हणाले होते, “सिस्टर, कशाला त्रास करून घेता? घरगुती अडचणीमुळे बदली हवी असं लिहून द्या, मी वरती बोलतो.” बावीस वर्षांच्या चांगुणाने लिहून दिलं. विनंती बदली म्हणून सामान हलवायचा भत्ता मिळाला नाही, ते त्या कधीच विसरून गेल्या. विसरता आलं नाही ते दुसरंच. पुढे जेव्हा केव्हा त्यांनी नायगावचं नाव काढलं, तेव्हा समोरचा म्हणायचा, “पण तुम्हीच मागितली होती ना बदली?” आणि खाली त्यांचीच सही असायची.

वरच्या मजल्यावर सात नंबरच्या खोलीत विशाखा आणि गौरा ट्रंका भरत होत्या. कोपऱ्यात एक बादली, तळाला तांब्याभर पाणी. भिंतींना जुना निळसर चुना. गौराच्या कॉटवरच्या भिंतीवर पेन्सिलीने एकाखाली एक मूलद्रव्यांची नावं लिहिलेली होती.

“ह्ये काय गं?”

“गौरा रोज एक लिवती मावशी,” गौरा स्वतःबद्दलच म्हणाली आणि हसली. “पडल्या पडल्या पाठ व्हतंय. सल्फरपर्यंत आले.”

“पुढं काय येतंय?”

“क्लोरीन,” विशाखा म्हणाली.

“ते माझं हाय. आडात टाकून टाकून हात पांढरे झाले.” चांगुणाबाई कॉटवर बसल्या. विशाखाने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“माय, सही केलीस?”

“न्हाई.”

“केली न्हाईस तर काय व्हईल?”

“मालूम न्हाई. केली तर काय व्हईल ते मालूम हाय. तुझे काका स्थळ घेऊन दारात बसल्यात. तू घरी आलीस की ते म्हणतील, आता नाहीतरी शिकणं सुटलंच हाय.”

विशाखाचे वडील वारल्यापासून घरात काकांचा शब्द मोठा झाला होता. ती वह्या ट्रंकेत टाकायची थांबली.

तेवढ्यात चांगुणाबाईंना वास आला. भिजलेल्या चुन्याचा. खिडकीतून पाहिलं तर मागच्या अंगणात एक म्हातारा रंगारी पिंपात काठी फिरवत होता. पिंपात कळीचा चुना रटरट करत विरत होता, वर वाफ. बाजूला आणखी दोन पिंपं काठोकाठ भरलेली.

“त्या पिंपांत काय हाय?”

“चुन्याचं पाणी,” गौरा म्हणाली. “चार दिवस झाले. रेक्टरबाईंनी सांगितलं, हात लावू नका, कातडी जाती.”

चांगुणाबाई खाली उतरल्या. पोरी मागोमाग.

तळमजल्यावरच्या तीन खोल्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. रंगाऱ्याचं नाव मलप्पा. डोक्याला फडकं, भुवयांपर्यंत चुना उडालेला. चांगुणाबाई भरलेल्या पिंपाजवळ गेल्या. पाण्यात तळ दिसत होता. त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“माय!” विशाखा ओरडली.

“गोडं पाणी हाय,” चांगुणाबाई म्हणाल्या. “मामा, ह्ये कुठनं येतंय?”

“ट्यांकर येतोय की रोज पहाटं. चुना काय थुकून विरवू?”

“वसतिगृहाला पाणी न्हाई मनून बंद करायलेत. मग रंग कुणासाठी द्यायलाव?”

“सरकारी कचेरी यायली ना इथं! मोजमाप घेऊन गेले सायेब. नवा जिल्हा, सायबाला बसाया जागा न्हाई. कालेज चालवणाऱ्या सोसायटीला भाडं बक्कळ.” मलप्पाने काठी थांबवली आणि पोरींकडे पाहिलं. “मला तर सांगितलं, पोरी गेल्या.”

“गेल्या न्हाईत. ह्या बगा.”

विशाखा पिंपाच्या काठाला हात लावून उभी होती. चार दिवस ती आणि गौरा मैदानापलीकडच्या हापशावर रांग लावून एक बादली आणत होत्या, आणि या पिंपांवरून वळसा घालून चढत होत्या. ती स्वतःशीच म्हणाली, “नुसतं वाकून बगितलं असतं तरी दिसलं असतं.”

“आता बगितलं न्हवं? बादली आण,” चांगुणाबाई म्हणाल्या. मग मलप्पाकडे वळून, “मामा, एक बादली घेते.”

“दोन घ्या. चुन्याला काय तहान लागती व्हय?”

भरलेली बादली घेऊन त्या मैदानातून सरळ ऑफिसात आल्या. विशाखाने कडी धरायला हात पुढे केला तर म्हणाल्या, “सोड. सांडंल.” बादली त्यांनी व्यंकटरावांच्या टेबलावर ठेवली. दौतीशेजारी पाण्याचा ओघळ गेला.

“आवो, कागद भिजले!”

“ह्ये घ्या पाणी. न्हाई म्हणत होतात ना?”

“ते… ते चुन्याचं हाय.”

खिडकीत पितळी गडवा होता. चांगुणाबाईंनी तो बुडवून भरला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायल्या. पदराने तोंड पुसलं. “नर्स हाय मी. चुना प्याले असते तर आतापावतर तुमच्या टेबलावर आडवी असते.” मग रांगेकडे वळल्या. “रोज पहाटं ट्यांकर येतोय. खालच्या खोल्यांना रंग झाला. वसतिगृहात कचेरी यायलीय भाड्यानं. आन् आपण लिवून द्यायचं की अडचण आपल्या घरची हाय.”

रांग मोडली. सगळे टेबलाभोवती आले. “खरं हाय का व्यंकटराव?” “आमाला येडं समजलाव का?” “फी कुठं गेली मंग?” व्यंकटराव उठले, आतल्या खोलीत जाऊन सोसायटीच्या सचिव साहेबांना फोन लावला. बाहेर आले तेव्हा कुणाच्याच डोळ्यांकडे बघत नव्हते.

“सायेब म्हणतेत, सही केली त्यांना अनामत आज मिळंल. केली न्हाई त्यांचं सोसायटी बगून घेईल. कॉटा सोसायटीच्या हायत, उद्या उचलणार. लाइटीचंबी सांगता येत न्हाई. कुणी राहिलं तर आपल्या जिम्मेदारीवर.”

“राहिलं तर राहू द्या,” चांगुणाबाई म्हणाल्या. “कॉट न्या. खाली झोपतील. लाइट न्या. कंदील हाय. पण एप्रिलपावतर खोलीची फी घेतलीय, पावती हाय. मी पैसे मागाया आले न्हाई व्यंकटराव. अनामत तुमच्याजवळच असू द्या. मला खोली पायजे.”

“बाई, तुमाला काय वाटतंय, मला बरं वाटतंय हे सांगाया? माझी पोरगीबी याच कॉलेजात हाय.”

“मग तिला सांगा घरी गेल्यावर, आज काय काय लिवून घेतलं ते.”

घडी केलेला अर्ज त्यांनी पर्समधून काढून टेबलावर ठेवला. कोरा. अहमदपूरकडच्या एका बापाने आपलाही अर्ज त्यावर ठेवला. मग आणखी एकाने. बाकीचे एकमेकांकडे पाहत राहिले.

शिवप्पांनी पेन उचललं.

“अप्पा,” दारातून गौरा म्हणाली. खोलीतला रिकामा तांब्या हातात घेऊन ती मागोमाग आली होती. “पाणी हाय की अप्पा. परीक्षा तीन महिन्यांवर आली.”

शिवप्पा सही करता करता थांबले. मग चांगुणाबाईंना म्हणाले, “ताई, तुमचं खरं हाय. खोटं म्हणत न्हाई मी. पण मला यांच्या संगं भांडून चालत न्हाई. सोसायटीतली निम्मी माणसं माझ्या दुकानाची गिऱ्हाईकं हायत. आन् हिला रविवारी बगाया यायलेत.”

“बगू द्या की. शिकती पोरगी बगतील.”

शिवप्पांनी सही केली. पैसे न मोजताच बंडीच्या खिशात घातले. “नडी, गौरा,” ते म्हणाले. चल म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडी घरची कानडी यायची.

गौराची ट्रंक टांग्यात चढली तेव्हा विशाखा जिन्यापर्यंत गेली. तिथून पुढे तिला जाववलं नाही. गौराने आपली बादली मागे ठेवली. “पाण्याला व्हईल,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॉटा खरोखर गेल्या. चांगुणाबाईंनी दवाखान्यात रजेची तार केली होती. तीन खोल्यांतल्या तीन पोरी सात नंबरमध्ये एकत्र आल्या, सतरंज्या पसरल्या. मलप्पा खालून सुरुवात करून एक एक खोली पांढरी करत दुपारी वर आला. चांगुणाबाई उंबऱ्यात ट्रंकेवर बसल्या होत्या. आत पोरी मोठ्याने पाठ करत होत्या.

“बाई, सगळ्या खोल्या मारायला सांगितल्यात.”

“मारा की. पोरी मधी बसून वाचतील. शिंतोडे उडाले तर उडाले.”

मलप्पाने कुंचा चुन्याच्या बादलीतून काढला, निथळवला. आत नजर टाकली. समोरच्या निळसर भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली नावं होती. खाली कॉटच्या पायांचे चार डाग.

“ह्ये काय लिवलंय?”

“एका पोरीनं लिवलंय. आभ्यासाचं.”

“ती कुठाय?”

“गेली काल. बापानं नेली.”

“मग पुसून टाकू का? ती न्हाई तर…”

“ती न्हाई मनूनच म्हणते,” चांगुणाबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या.”

मलप्पाने त्यांच्याकडे पाहिलं, मग कुंचा चौकटीच्या कडेने सरळ खाली ओढला. एक पांढरी रेघ उमटली. आत पाऊल न टाकता तो बादली उचलून आठ नंबरकडे गेला.

फेब्रुवारीत खालच्या आणि वरच्या रिकाम्या खोल्यांत कचेरी आली. कचेरीला पाणी लागतं, म्हणून टँकर येतच राहिला, आणि तीन पोरी पहाटे चार बादल्या घेऊन खाली उतरत राहिल्या. दिवसा फायली घेऊन वर चढणारे कारकून व्हरांड्यातून जाताना थबकायचे. सगळी इमारत पांढरी, आणि मध्येच एक निळसर खोली. दार उघडं असलं तर समोरची भिंत दिसायची. हायड्रोजनपासून सल्फरपर्यंतची नावं, आणि त्याखाली कुणीच न लिहिलेली मोकळी जागा.