पाय म्हणजे काँक्रीट नव्हे

आखातातल्या अल सुलै गावी काँक्रीटच्या कारखान्यात हारून सोलकरचा हात धरील असा दुसरा कामगार नव्हता. उंच साच्यावर शिडीने चढावे, ओल्या काँक्रीटमध्ये थरथरून हवा बाहेर काढणाऱ्या व्हायब्रेटरची नळी सोडावी आणि बुडबुडे थांबताच ती अलगद ओढून घ्यावी, हे त्याचे कसब. परंतु त्याच शिडीवरून पाय निसटला, घोटा मोडला आणि प्लास्टर चढले. कंपनीने निक्षून सांगितले, बरा झाल्यावर शिडी चढता आली तर काम. नाहीतर रत्नागिरीचे तिकीट.

इस्पितळातील व्यायामोपचार करणाऱ्या अर्चना मॅडमनी त्याच्या मांडीवर पट्ट्याने एक लहानसे कंपनयंत्र बांधले. "पाय वापरात नसला की मांडीचं बळ उतरतं, हारूनभाई. ह्या थरथरीने स्नायू जागा राहील. सकाळ-संध्याकाळ लावा."

हारूनने मान डोलावली. पण खोलीवर यंत्र गुरगुरू लागले रे लागले की तो ते बंद करी.

"आत्ता तर लावलंस!" खोलीतला सोबती नागेश म्हणाला. "बॅटरी काय हुंड्यात द्यायचीय?"

"तुला काय कळतंय? जास्त थरथरवलं की खडी तळाला बसते नि पाणी वर येतं. सगळा माल फुकट! माझं हाड आत्ता कुठे सांधतंय."

पुढील तपासणीत मॅडमनी मांडीला फीत लावली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. मांडी उतरली होती. हारूनने खरे काय ते सांगताच त्यांना हसू आवरेना.

"अहो, पाय म्हणजे काँक्रीट नव्हे! त्यात खडी नाही, जिवंत मांस आहे. त्याला काम नाही मिळालं तर ते झडतं."

हारून ओशाळला. त्या दिवसापासून मात्र त्याने तिळमात्र हयगय केली नाही. नमाज आटोपली की पट्टा आवळायचा. नागेश ओरडे, "यल्ला, चला, मिक्सर सुरू!"

यथावकाश प्लास्टर निघाले. पोटरी काडीसारखी झाली होती, घोटा आखडला होता. पण मांडी भरदार होती. घोटा मोकळा होताच परीक्षेचा दिवस उगवला. साच्याखाली सारा कारखाना जमला. हारूनने बिस्मिल्ला म्हणून शिडीला हात घातला. पहिल्या पायरीवर घोटा कुरकुरला. तेव्हा मांडीने सारा भार उचलला आणि हारून एकेक पायरी चढत थेट माथ्यावर जाऊन उभा राहिला!

"बघता काय? नळी द्या वर!"

काँक्रीट गुरगुरू लागले. खालून नागेश गरजला, "बस कर रे, खडी तळाला जाईल!"

"ते मला नको शिकवूस, लेका!" हारून हसला, आणि शेवटचा बुडबुडा फुटताच त्याने नळी अलगद ओढून घेतली.