तीन फर्लांगांची सायकलवाट

केडगावाहून नगरला येणाऱ्या रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वाट झाली, ती दुष्काळाच्या कृपेने. एरवी सायकलवाल्यांसाठी सरकारने घमेलंभर मुरूमही टाकला नसता. पण त्र्याहत्तरच्या सुरुवातीला रिकाम्या हातांना काम द्यायचं होतं, तेव्हा कुणा साहेबाला सुचलं, की ट्रक आणि पाण्याचे टँकर डांबरावरून जाऊ देत, सायकली कडेच्या वाटेने. सुचलं ते चांगलंच होतं. पण सरकारला चांगलं काही सुचलं की पाठोपाठ एक नियम येतोच. इथला नियम असा, की हे काम गावाकडच्या बाजूलाच करायचं. शहराच्या हद्दीत सायकलवाट बांधायला मनाई.

मी, सहादेव, त्या कामावर हजेरी कारकून होतो. शहरातून सायकल मारत सातला यायचं, तेवीस बायांची नावं पुकारायची, दुपारी खायला सुकडी वाटायची, संध्याकाळी झालेली वाट टेपने मोजायची आणि पुन्हा सायकल मारत घर गाठायचं. चार महिने हेच. मला उन्हाचा कंटाळा आला होता, वहीचा आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या बायांचाही आला होता. त्यांना माझा आला असणारच.

वैशाखात वाट हद्दीच्या दगडाशी येऊन थांबली. मांडीएवढ्या उंचीचा घडीव दगड, वर कोरलेली अक्षरं, त्यात भरलेला काळा रंग. तिथून पुढे रेल्वे फाटकापर्यंत तीन फर्लांग, आणि त्या तीन फर्लांगांतच सायकलवाल्याचा जीव मुठीत असायचा. रस्ता अरुंद, एका बाजूला खोल चर, दुसऱ्या बाजूला जकात नाक्यासाठी थांबलेले ट्रक. दीड मैल सुखाने यायचं आणि मरायच्या जागी वाट संपायची.

साळूबाई ही आमच्या टोळीची म्होरकी. पस्तिशीची, हाडकुळी, तोडून बोलणारी. तिचा नवरा कारभारी शहरात आडत दुकानावर हमाल होता. दोन वर्षांपूर्वी याच तीन फर्लांगांत मागून आलेल्या ट्रकने त्याला कडेला दाबलं आणि तो सायकलीसकट चरात पडला. तेव्हापासून कमरेखाली लुळा, खाटेवर. स्वतःहून कूसही बदलता येत नव्हती. एकाच कुशीवर फार वेळ राहिला की अंगाला जखमा व्हायच्या. त्यांचं घर दगडापासून जवळच होतं. दुपारच्या सुट्टीत सगळ्या बाया लिंबाखाली भाकरी सोडत, ही पळत घरी जाई, त्याला वळवी, पाणी पाजी आणि पळतच परत येई.

इथलं काम संपलं की पुढचं काम नऊ मैलांवर, तलावाचं. पहाटे ट्रक नेणार, दिवेलागणीला आणून सोडणार. म्हणजे कारभारी दिवसभर एका कुशीवर.

नियमाविरुद्ध भांडत होते ते एकटे आमोस मास्तर. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, डोक्यावर काळी टोपी, पँटला क्लिप. रोज केडगावाहून सायकलवर शहरातल्या वाचनालयात जात. सायकलवाट फाटकापर्यंत न्यावी म्हणून त्यांनी पाच अर्ज केले होते. वाट दगडाशी थांबली त्या दिवशी पाचव्याचं उत्तर घेऊन ते कामावर आले. बाया हात थांबवून गोळा झाल्या.

"काय आलंय वो मास्तर?" साळूबाईने विचारलं.

"तेच. जागा शहराच्या हद्दीत आहे, सबब सायकलवाटेस परवानगी देता येत नाही."

"आन शेरातले काय म्हनत्यात?"

"ते म्हणतात, रस्ता सरकारचा आहे. आम्ही हात लावू शकत नाही."

"सासू म्हनती सुनंला इचार, सून म्हनती सासूला," साळूबाई म्हणाली. बाया हसल्या, पण त्या हसण्यात दम नव्हता. "मास्तर, ही हद कुटनं लागती?"

"या दगडापासून."

"दगडाच्या अलीकडं वाट बांधली तर सरकारला चालतंय?"

"अलीकडे चालतं. पलीकडे नाही." शिक्षकाच्या सवयीने मास्तरांनी ते दोनदा समजावून सांगितलं. मग सहावा अर्ज थेट मुंबईला करणार असं म्हणून ते सायकलवर बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी खाऊन लिंबाखाली जरा लवंडलो. उठलो तर दगड जागेवर नव्हता. होता तिथे मुरूम घालून धुम्मसने चोपून सारखं केलेलं. लांब पाहिलं तर फाटकाच्या अलीकडे पन्नास पावलांवर दगड उभा, जसा काही इंग्रजांनीच तिथे पुरला होता. पहारीने खणून, पाण्याच्या बैलगाडीत घालून, भर दुपारी, सगळ्या रहदारीदेखत त्यांनी तो नेला होता. दगड वाहणाऱ्या बायांकडे बघतं कोण? चार महिने त्या दगडच तर वाहत होत्या.

मी साळूबाईला हाक मारली. म्हटलं, "हे काय केलंत?"

"कुटं काय?" ती म्हणाली. "कारकूनभाऊ, तुमच्या कागदात काय लिवलंय?"

माझ्या कागदात लिहिलं होतं, 'हद्दीच्या दगडापर्यंत काम करावे.'

मी वर कळवायला हवं होतं. कळवलं नाही. मी काही फार धीराचा माणूस नाही, पण रोज दोनदा त्या तीन फर्लांगांतून मलाही जावं लागायचं आणि बायको रोज संध्याकाळी दारात उभी असायची. शिवाय इतका थकलो होतो, की खोटं थांबवण्याचीही ताकद उरली नव्हती. मी दोरी काढली आणि पुढची आखणी करून दिली.

मास्तर आले ते पाहून पांढरे पडले. "सहादेवराव, हे बरोबर नाही. आपली मागणी न्यायाची आहे. ती अशी मिळवायची नसते."

मी साळूबाईकडे पाहिलं. ती खडी पसरत होती, तशीच वाकून म्हणाली, "मास्तर, तुमी चार म्हैनं खरं लिवलं. कुनी वाचलं?"

मास्तरांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. सायकलवर बसून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र नव्या तुकड्यावरून, जपून, मधोमध सायकल चालवत आले. खाली उतरले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटतं त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, आणि वाट आवडलीही होती.

सोळा दिवस काम चाललं. चराच्या कडेला दगड रचले, त्यांना चुना फासला. हमाल, दूधवाले, कॉलेजची पोरं, ओल्या मुरुमावरूनच सायकली घालायची. बाया शिव्या द्यायच्या आणि बाजूला व्हायच्या. साळूबाई दुपारी घरी जाऊन आली की मी विचारायचो, कारभारी कसा आहे? ती म्हणायची, "रोज इचारत्यात, कुटवर आलं. आज सांगितलं, तुमी पडला हुता तितवर आलं. म्हनले, चांगलं रुंद कर." त्या दिवशी ती जागा तिने वीतभर जास्त रुंद करून घेतली. मी टेप लावली नाही.

घोटाळा झाला तो आमच्या अडाणीपणाने. माझ्याच म्हणा, बायांना काय ठाऊक. हद्दीचा दगड फाटकाजवळ गेला, पण जकात नाका होता तिथेच राहिला; म्हणजे नाका हद्दीच्या बाहेर पडला. सतराव्या दिवशी एक ट्रकवाला नाक्यावर अडून बसला. हद्द तर पुढे आहे, इथे कसली जकात? त्याने नाकेदाराला हाताला धरून दगड दाखवला. रोज त्या दगडासमोरून जाणाऱ्या नाकेदाराने तेव्हा कुठे तो पहिल्यांदा पाहिला. आम्ही पोट धरून हसलो. ते आमचं शेवटचं हसणं.

दोन दिवसांनी जीप आली. आमच्या खात्याचे साहेब उतरले. वाईट माणूस नव्हता. डोळे तांबारलेले, बुटांवर धूळ, सकाळपासून चार कामं पाहून आलेला. दगड पाहिला, वाट पाहिली, फाटकापर्यंत चालत जाऊन आला.

"दगड कुणी हलवला?"

तेवीस बाया जमिनीकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब."

"तुम्ही इथे काय करत होता मग?"

"हजेरी घेत होतो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मास्तर सायकल लावून पुढे आले, म्हणाले, "साहेब, चूक झाली, ती माझ्या माथी मारा. पण वाट झाली आहे. आता ती राहू द्या. तीन आठवड्यांत इथे एकही माणूस पडलेला नाही."

"मास्तर, मलाही दिसतंय," साहेब म्हणाले. "मी पण सायकलवरच कॉलेजला गेलोय. पण शहराच्या हद्दीत ही वाट ठेवली तर उद्या माझी नोकरी ठेवणार नाहीत. दगड जागेवर न्या. खडी उखडून दगडाबाहेर रचून ठेवा."

"आन आमी?" साळूबाईने विचारलं. "तळ्यावर जायाचं?"

साहेबांनी कागद चाळले. मग म्हणाले, "उखडायलाही माणसं लागतीलच. बेकायदा बांधकाम काढणं हे सरकारी काम आहे, ते हद्दीत चालतं. ज्यांना इथे राहायचंय त्यांनी नावं द्या. बाकीच्या सोमवारपासून तलावावर. तुम्हीही, कारकून. हे संपलं की तिकडे."

जीप गेली. बांधायला मनाई, उखडायला परवानगी. मला इतका संताप आला, की ती वही चरात फेकावीशी वाटली. फेकली नाही. घरी पोरं होती.

मला वाटलं होतं, या कामाला कुणी नाव देणार नाही. निदान साळूबाई तरी नाही. पण ती सगळ्यांच्या आधी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "माजं लिवा."

मास्तरांना राहवलं नाही. "साळूबाई, तुम्ही? तुमचा माणूस इथे पडला, तुम्ही ही वाट बांधलीत, आणि तुम्हीच..."

"मास्तर," ती म्हणाली, "हितं ऱ्हायले तर दुपारचं घरला जाता येतंय."

सायकल हातात धरून मास्तर त्या वाटेवरून फाटकापर्यंत पायी गेले. त्यांचा सहावा अर्ज मुंबईला गेला की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

सोमवारी सातला नावं पुकारली. नऊ बाया राहिल्या होत्या. दगड पुन्हा जुन्या जागी पुरला होता, तिथून पुढची वाट दोरी लावून बंद केली होती. सायकलवाले तिथपर्यंत यायचे, जरा थबकायचे आणि ट्रकांच्या मध्ये डांबरावर चढायचे. काही जण बायांना शिव्या देऊन गेले.

साळूबाईने पहिली कुदळ घातली ती जागा तीच होती, वीतभर जास्त रुंद. मुरूम चांगला बसला होता, सहज निघेना.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "घरी सांगितलंत?"

"सांगितलं की, काम चालू हाय. खोटं हाय का?"

मला तिच्याकडे बघवेना. चार महिने मी तिचं नाव रोज पुकारलं होतं, आणि त्या सकाळी पहिल्यांदा मला त्या कामावर असल्याची शरम वाटली.

शेजारची बाई भराभर खडी ओढून घमेल्यात भरत होती. साळूबाईने तिचं मनगट धरलं.

"हळू गं बाई," ती म्हणाली. "थोडं थोडं उचला. तीन फर्लांगच हाय. पाऊस पडस्तवर पुरवायचंय."