माझा दोन नंबर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे आणि माझ्या शेजारी बसवलेल्या नव्या स्विचचा मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकलं. स्वतःची गोष्ट सांगताना सगळे साधुसंत होतात, मला ते जमणार नाही.

एका कारखान्यात एका बाईंनी माझे स्क्रू आवळले, एकदा चालू करून पाहिलं आणि खोक्यात भरलं. तिथून मी एका इस्पितळाच्या तळमजल्यावर आलो. तिथल्या वायरी आणि यंत्रं मामा सांभाळायचे. भाचा कुणाचा कोण, पण सगळं इस्पितळ त्यांना मामाच म्हणायचं. त्यांनी मला कपाटात बसवून दोन रिंगा जोडल्या. रिंग म्हणजे गोलात जोडलेले संगणक. त्यांच्यात एक टोकन फिरतं. ज्याच्याकडे टोकन त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. माणसांच्या मीटिंगपेक्षा बरं. वॉर्डांच्या रिंगला मामांनी नंबर दिला एक, आणि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या रिंगला दोन.

एका रिंगमधून दुसरीत निरोप जायचा, तर तो अंगावर आपली वाट लिहून नेतो: दोनमधून निघालो, एकमध्ये आलो. ती वाट मी लिहायचो. माझा एक नियम होता. पुढच्या रिंगचा नंबर निरोपावर आधीच लिहिलेला दिसला, तर त्याला अडवायचं. नाहीतर तो गोल गोल फिरत बसेल आणि सगळ्यांचा खोळंबा करेल. अकरा वर्षं मी हे इमानाने केलं. एकदा मोठे साहेब म्हणाले होते, "हा कधी आजारी पडत नाही बुवा." कौतुक म्हणाल तर तेवढंच. पुढे मी आहे, हेच लोक विसरले.

मग तो आला. नव्या इमारतीत ऑपरेशन थिएटर झालं, त्याची रिंग वॉर्डांच्या रिंगला जोडायला. चकचकीत, अंगभर हिरवे दिवे. मामांनी त्याला स्वतःच्या रुमालाने पुसलं. माझ्यावर अकरा वर्षांत साधी फुंकर मारली नव्हती! वर नव्या इंजिनिअर मॅडमनी घाई लावली, म्हणून मामांनी माझीच सेटिंग जशीच्या तशी त्याच्यात उतरवली. अक्कल माझी आणि रुमाल त्याला. त्या गडबडीत नंबर बदलायचा राहिला. थिएटरची रिंगही दोनच झाली.

आता बघा गंमत. प्रयोगशाळेचा निरोप माझ्याकडून पुढे जायचा. त्यावर दोन दिसला, की स्विच त्याला फेकून द्यायचा. थिएटरचा निरोप माझ्याकडे यायचा. त्यावरही दोन, मग मी अडवायचो. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. मिरव म्हटलं आता दिवे! मला आपणहून बोलता येत नाही, कुणी विचारलं तरच सांगता येतं. पण येत असतं तरी मी तोंड उघडलं नसतं.

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या ताई धापा टाकत आल्या. "अहो, माझे रिपोर्ट थिएटरला जातच नाहीयेत! पेशंट टेबलावर आहे, रक्त चढवायचंय, आणि मी कागद घेऊन जिने चढतेय. एक देऊन आले, दुसरा तयार होतोय. माझ्या गुडघ्यांना काय चाकं बसवू?"

मॅडम म्हणाल्या, "नवा तर आजच लावलाय. हा जुना डबाच मेला असणार. काढून टाका, मामा."

"काढायला कितीसा वेळ लागतो? आधी विचारू तरी द्या त्याला," मामा म्हणाले आणि त्यांनी मला आपल्या संगणकाची केबल लावली.

माझी हौस तिथेच जिरली. वर एक माणूस रक्ताची वाट बघत होता आणि मी इथे हसत बसलो होतो. मी सगळं दाखवलं: दोन नंबर आधीच लिहिलेला, म्हणून अडवले, सत्तावीस निरोप.

मामांनी कपाळावर हात मारला. "ह्याचं काही चुकलेलं नाही. गाढव मी. दोन्ही रिंगांना एकच नंबर देऊन बसलोय."

"मग नव्याचा बदला ना पटकन!" ताई.

"नको! आत ऑपरेशन चाललंय, थिएटरच्या रिंगला आत्ता हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "जुन्याचा बदला."

ज्याच्यापायी घोळ झाला त्याला धक्का नाही, आणि नंबर गेला माझा. मामांची बोटं क्षणभर थांबली. "माफ कर रे म्हाताऱ्या," ते म्हणाले. त्यांनी प्रयोगशाळेच्या रिंगचा दोन पुसला आणि सहा लिहिला. पुढच्या मिनिटाला रिपोर्ट माझ्यातून निघाला, त्या चकचकीतातून गेला आणि थिएटरला पोचला. रिपोर्ट मिळाल्याचा वरून फोन आला तेव्हा ताई खुर्चीत मटकन बसल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी एवढंच मागतो, की काही बिघडलं तर जुन्याला डबा म्हणण्याआधी एकदा विचारा. तो खरं सांगेल, मनात कितीही जळत असला तरी. मी अजून जळतो. थिएटरचा प्रत्येक निरोप माझा दोन अंगावर मिरवत येतो. मी तो वाचतो, त्यापुढे सहा लिहितो आणि निरोपाला जाऊ देतो.