दुपारचं पाणी

“आवडाबाई, ही बादली कुणी भरली?”

परसात धुणं वाळत घालणाऱ्या आवडाबाईनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. “मला काय ठावं? माझी बादली निळी. तुमच्या पांढरीला मी हात लावत नाय.”

व्यंकटरावांनी पाण्यात बोट बुडवलं. गार. सकाळी ही बादली त्यांनी स्वतःच्या हातानं रिकामी केली होती, आणि आता ती अर्ध्याच्या वर आली होती.

सिडकोतल्या त्यांच्या घराला नळ येई तो आठवड्यातून एखाद्या वेळी, तोही लाजत लाजत. बोअरचं पाणी खारं. ते घातलं की ऑर्किडच्या मुळांवर पांढरी पुटं चढत. म्हणून वरच्या मजल्यावर मुलगा-सून राहत, त्या खोलीतल्या एसीची नळी व्यंकटरावांनी परसात उतरवली होती. रात्रभर एसी चाले, थेंब थेंब बादली भरे, आणि ते गोडं पाणी झाडं पीत.

झाडंही जगावेगळी. ना कुंडी ना माती. आंब्याच्या फळकुटांना सुतळीनं बांधलेली, हिरव्या जाळीखाली भिंतीला टांगलेली. मुळं उघडी, वाऱ्यावर. तहानली की रुप्यासारखी पांढरी, प्यायली की पोपटी. सकाळी एकदा न्हाऊ घालायचं; पारा पस्तिसाच्या वर गेला की दुपारी पुन्हा. पण सांज उतरायच्या आत पानं सुकलीच पाहिजेत, नाहीतर गाभा कुजतो. थंडीत पारा पंधराला आला की सगळी फळकुटं घरात.

“माझी तहान कधी ओळखली नाहीत ती अशी,” त्यांच्या पत्नी यमुनाबाई म्हणत.

दसरा होऊन ऊन पुन्हा तापलं, तसं व्यंकटराव जेवणानंतरची झोप सोडून दुपारी परसात येऊ लागले. आल्या दिवसापासून बादलीचं हे कोडं. कोर्टात शिरस्तेदार म्हणून उभी हयात गेलेली. साक्षीदाराची नजर कुठं वळते, ते त्यांना झोपेतही कळे. काल सुनेला विचारलं, तेव्हा अश्लेषा म्हणाली, “मी बँकेत जाताना बटण बंद करून, कुलूप लावून जाते, बाबा.” आणि तिची नजर पोळपाटावर गेली. पोळपाटावर पोळी नव्हती.

सून नाही तर मग कामवाली. फरशीसाठी बोअरचं पाणी या बादलीत काढून ठेवत असणार.

“खरं सांग आवडाबाई, यात बोअरचं पाणी काढतेस की नाही?”

आवडाबाईनं पिळलेलं लुगडं तसंच दोरीवर फेकलं. “व्हय, काढते! वर तुमच्या मशिनीचं मूत घरी नेऊन नातवंडांना पाजते! अवो, नळीखाली हात धरा की. टपकतंय अजून.”

त्यांनी हात धरला. टप्. तळव्यात थेंब पडला. मग दुसरा.

म्हणजे वर एसी आत्ता चालू होता. सून बँकेत. मुलगा सुयश सकाळीच डबा घेऊन वाळूजच्या कंपनीच्या बसला गेलेला. व्यंकटरावांनी काठी उचलली.

“काका, नका जाऊ वर.” आवडाबाईचा आवाज एकदम खाली आला होता. त्या आवाजानंच ते जिना चढले. जिना बाहेरच्या अंगानं, बोळातून जाणारा. दाराला कुलूप. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. त्यांनी दाराला कान लावला.

आतून खोकला आला. बारीक, दोनदा अडखळणारा. लहानपणी गोवर निघाला तेव्हापासूनचा.

मग बोलणं. “हो सर, क्वालिटीला होतो... नाही सर, आम्हाला कमी केलं ऑगस्टमध्ये. पगार थोडा खाली-वर झाला तरी चालेल सर. लई नाही म्हणत मी. चालेल.”

काठीचा आवाज होऊ नये म्हणून व्यंकटरावांनी ती काखेत धरली. बसच्या नावानं निघायचं, बोळातून परत यायचं. बायकोनं बाहेरून कुलूप घालायचं. खिडकी उघडायची नाही, म्हणून एसी. एवढी तजवीज कुणासाठी? रोज संध्याकाळी “काय म्हणते कंपनी?” असं विचारून उत्तराकडे नाही, डोळ्यांकडे बघणाऱ्या माणसासाठी.

ते उतरले तेव्हा आवडाबाई शेवटच्या पायरीवर बसली होती.

“सूनबाईंनी हात जोडले व्हते माझ्याम्होरं,” ती म्हणाली. “कसं सांगू?”

“मी उगाच तुझ्यावर...”

“ऱ्हाऊ द्या आता. काकूंना कळू नाय म्हंजी झालं. बीपी हाय त्यांचं.”

संध्याकाळी फाटक वाजलं. सुयश आला. खांद्याला बॅग, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची निळी फीत, टोक शर्टाच्या खिशात खोचलेलं. घामही होता, बोळाला वळसा घालून आल्याचा.

रोजचा प्रश्न व्यंकटरावांच्या ओठांवर आला. त्यांनी तो गिळला.

“सुयश, झाडांना दुपारचं पाणी लागायला लागलंय,” ते म्हणाले. “माझ्यानं उन्हात उभं राहवत नाही आता. कुणीतरी बघायला पाहिजे.”

“त्याला कशाला सांगताय?” यमुनाबाई ताटं घेता घेता म्हणाल्या. “दुपारी तो इथं असतो होय?”

कणकेतला अश्लेषाचा हात थांबला.

सुयशनं बापाकडे पाहिलं. व्यंकटराव त्याच्या डोळ्यांत बघत नव्हते. ते जमिनीकडे बघत होते.

“किती वाजता घालायचं, बाबा?” तो म्हणाला.

“तीनच्या आत. सांजेपर्यंत सुकली पाहिजेत.”

“घालतो.”

“बाई गं, कंपनी जवळ आली वाटतं आता,” यमुनाबाई हसल्या.

सुयश हात धुवायला मोरीशी वाकला. वाकताना फितीचं टोक खिशातून सुटलं आणि लोंबू लागलं. टोकाच्या आकड्याला काहीच अडकवलेलं नव्हतं.

यमुनाबाई ताट मांडून वळणार, एवढ्यात व्यंकटरावांनी खुंटीवरचा टॉवेल ओढला, पुढं झाले, आणि तो लेकाच्या गळ्यात घातला.

“पूस नीट,” ते म्हणाले. “ओला राहू नकोस.”